कच्च्या लिंबाचा डाव

आमच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही फार कमी वेळा जेवलो. शनिवारी दुपारी त्यावर हिरवी चादर पडायची आणि सोमवारी सकाळी निघायची. मधल्या वेळात ताटं स्वयंपाकघरात खाली मांडायची, हा नांदेडच्या आमच्या घरातला रिवाजच होऊन गेला होता. चादरीखाली डोंगर असत आणि चादरीवर दोन फौजा. अंगठ्याएवढी प्लास्टिकची माणसं, काही घोडे, दोन तोफा आणि एक हत्ती. माझ्या नवऱ्याने ती बिनरंगाची मागवली होती आणि दोन-तीन वर्षं खपून एकेक करून रंगवली होती. त्याच्या वडिलांचं लातूरला रंगाचं दुकान आहे, त्यामुळे ब्रश त्याच्या हातात पाटीपेन्सिलीच्या आधी आला असावा. नोकरी विजेच्या कार्यालयात, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची. सुट्टीच्या दिवशी मात्र डोळ्याला भिंग लावून तो सैनिकाच्या डोळ्यात बुबुळ भरायचा आणि तेवढा वेळ श्वास रोखून धरायचा. मी पलीकडच्या खोलीत वाचत बसलेली असे. बुबुळ जमलं की त्याने सोडलेला श्वास मला तिथवर ऐकू यायचा.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. चादरीखालचे डोंगर माझ्याच पुस्तकांचे असत. शब्दकोशाचा मोठा डोंगर, कथासंग्रहांच्या टेकड्या. वाचायला घेतलेलं पुस्तक सापडेनासं झालं की मी चादरीचा कोपरा उचलायची, आणि तो आणि आमची मुलगी एकदम म्हणायचे, "डोंगर हलवू नको."

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला पहिल्यांदा समोर बसवलं. खुर्चीवर दोन उशा, त्यावर ती. मला वाटलं होतं, हे आठवडाभर चालेल. दोन वर्षं चाललं. तिच्या समोरची ती खुर्ची आपल्याला मिळावी असं मला किती वाटायचं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दाराशी जाऊन एवढंच म्हणायची, "जेवायचंय की नाही तुम्हाला?"

कधीतरी त्याच्या लक्षात यायचं. "ये ना, तूही खेळ," तो म्हणायचा. मग मुलगी विचार करून निकाल द्यायची, "आई कच्चं लिंबू."

ज्याला खेळ येत नाही, पण बाहेर ठेवलं तर जो हिरमुसेल, त्याला मुलं कच्चं लिंबू करतात. ते सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ते कधी बाद होत नाही, कारण ते मोजलेलंच नसतं. माझे तीन सैनिक टेबलाच्या कोपऱ्यात उभे असत. त्यांच्यावर कुणी तोफ डागत नसे. मी फासे टाकले की दोघं कौतुकाने "वा" म्हणत आणि पुन्हा आपल्या लढाईकडे वळत. पाच मिनिटांनी मी उठून गेले तरी ते कुणाच्या लक्षात येत नसे.

त्यांच्या खेळात कुणी मरतही नसे. अगदी पहिल्या डावात मुलीचा एक सैनिक आडवा झाला, तेव्हा तिने ओठ काढून विचारलं होतं, "मेला?"

"मेला कशाला? लातूरला गेला," तो म्हणाला होता. "आजीकडं जेवून येईल. पुढच्या डावात परत."

तेव्हापासून टेबलाच्या कडेला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असे आणि त्यावर त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असे, लातूर. पडला की डब्यात. डाव संपला की डबा उपडा करायचा, आणि सगळे लातूरवाले परत.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तो दोन दिवसांसाठी लातूरला गेला. मुलीच्या अंगावर कांजिण्या उठल्या होत्या म्हणून आम्ही दोघी मागे राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दिराचा फोन आला. आंघोळीला गेलेला माझा नवरा न्हाणीतच पडला होता आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याचं वय एकेचाळीस होतं.

मुलीला तशा अंगाने नेणं शक्य नव्हतं. माझी आई तिच्याजवळ राहिली. निघताना मुलगी तापातून विचारत होती, "बाबा कुठंय?" आणि मी चपला शोधत म्हणाले, "बाबा लातूरला गेलाय. मी पण जाऊन येते." खोटं बोलावं असं माझ्या मनात नव्हतं. तो लातूरलाच गेला होता.

मातीला मी एकटी गेले. तेरा दिवसांनी परत आले तेव्हा तिच्या खपल्या पडल्या होत्या, आणि समोरच्या घरातल्या काकूंनी तिला सांगून टाकलं होतं की बाबा देवाघरी गेले. मी तिला जवळ घेऊन विचारलं, "तुला कळलं ना, बाळ?" ती म्हणाली, "हो, काकूंनी सांगितलं." ती रडली नाही. मला वाटलं, लहान आहे, हळूहळू कळेल. खरं सांगायचं तर ते शब्द मला स्वतः बोलावे लागले नाहीत, याचं मला बरं वाटलं.

महिन्याभराने, एका रविवारी, मी कपाटातून हिरवी चादर काढली. त्याआधी मी अभ्यास केला होता. खेळाच्या नियमांची त्याची एक जाड वही होती. कोण किती चालतो, तोफेचा मारा कुठवर, फाशावर किती पडलं तर कोण पडतो, असं सगळं त्यात आखून लिहिलेलं. ती मी परीक्षेला बसावं तशी वाचली. पुस्तकांचे डोंगर रचले, सैनिक मांडले, आणि मुलीला हाक मारली. माझा पहिला घोडेस्वार मी वहीत दिल्याप्रमाणे पट्टीने मोजून सहा इंच पुढे नेला.

"असं नाही," ती म्हणाली.

"वहीत असंच आहे."

"वही मोठ्यांची आहे. आमचं तसं नाही." तिने पट्टी बाजूला ठेवली. चादरीवर पंजा पसरून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत घातली. "घोडा माझी एक वीत. माणूस माझी चार बोटं. मी मोठी झाले की फौज पण जास्त चालणार, बाबा म्हणाला."

मी वही पुन्हा उघडून पाहिली. वीत कुठे नव्हती. चार बोटं नव्हती. लातूरचा डबाही नव्हता. दोन वर्षं जे मी पलीकडच्या खोलीतून ऐकत होते, त्यातलं काहीच त्याने लिहून ठेवलेलं नव्हतं. मला मेलेल्या माणसाचा राग आला. तो गेला म्हणून नाही. जाताना या मुलीचा एवढा मोठा तुकडा मला न सांगता घेऊन गेला म्हणून.

"राहू दे," मुलगी मोठ्या माणसासारखी म्हणाली. "तू कच्चं लिंबू हो."

उन्हाळा सुरू झाला आणि दीर दर शनिवारी लातूरहून यायला लागला. माझ्या नवऱ्याहून दहा वर्षांनी लहान, अजून लग्न न झालेला, वडिलांबरोबर दुकानात बसणारा. भावासारखीच नखांत रंगाची रेघ. दुकान दुपारी वडिलांवर सोपवून यायचा, रविवारी संध्याकाळच्या बसने परत. त्याच्या येण्यात वावगं काही नव्हतं. गॅसची टाकी, घराचे कागद, बँकेतल्या खेपा, सगळं त्याने निमूट केलं. पण तो जिन्यात असतानाच मुलगी दार उघडून उभी राहायची, आणि मला ते सहन व्हायचं नाही.

"काय गं सरदारणी, आज मार खायाचा हाय का?" तो बुटाची नाडी सोडत विचारायचा.

"तूच खाशील. मागच्या वेळी कुणाची तोफ गेली लातूरला?"

"आरं बापरे. ध्यानात ठिवून राहिली का तू?"

"सगळं ठेवते मी ध्यानात."

त्याला वीत माहीत होती. चार बोटं माहीत होती. दीर लहान असताना दोघं भाऊ दुकानाच्या मागच्या खोलीत रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या फौजा करून खेळत, तिथूनच हे मोजमाप आलेलं. म्हणजे तिचा खेळ त्याला शिकावाही लागला नव्हता, तो त्याचाच होता. तो भावाच्या खुर्चीत बसायचा. मान तशीच एका बाजूला कलती. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत असायची आणि बाहेर हशा पिकायचा. तोच हशा, तेच टेबल, आणि मी पुन्हा भिंतीच्या पलीकडे. मग भाकरी करपायची.

एका शनिवारी तो येण्याआधी मी फासे लपवले. लाल रंगाचे दोनच फासे होते. ते मी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसले आणि हात धुतले. मुलीने सगळं घर शोधलं. सोफ्याच्या गाद्या काढल्या, माझी पर्ससुद्धा पाहिली. मीही तिच्याबरोबर शोधल्यासारखं केलं. आज दोघांना गप्प बसावं लागेल, मग मी म्हणेन, चला, गोदावरीच्या घाटावर जाऊ, असं मी मनात ठरवून ठेवलं होतं.

दीर आला, ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "वहिनी, चिंचोके हायत का?"

बरणीत होते. त्याने सहा चिंचोके घेतले आणि दोघं बाल्कनीच्या खरबरीत फरशीवर मांडी घालून ते घासत बसले. एका बाजूचं काळं टरफल घासून पांढरं होईपर्यंत. अर्धा तास नुसता घासण्याचा आवाज आणि त्यात गप्पा. किती पांढरे पडले, तितके गुण. मूठ हलवली की चिंचोके खुळखुळायचे, आणि ते फाशांपेक्षा छान आहे, असं मुलीने जाहीर केलं. "फासे सापडले तरी नको आता," ती म्हणाली. त्या संध्याकाळी पीठ काढताना माझ्या बोटांना फासे लागले. ते मी तिथेच राहू दिले. काढून कुणाला दाखवणार होते?

मे महिन्यात सासूबाईंनी नातीला लातूरला बोलावलं. मी उन्हाचं कारण सांगितलं, आणि तिकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं त्याचंही. गणपतीत बोलावलं तेव्हा चाचणी परीक्षेचं सांगितलं. ही सगळी कारणं खरी होती आणि सगळी मी वापरली. भीती वेगळीच होती. तिथे काका रोज. आजी, दुकान, रंगांचे डबे, मागची खोली. ती तिथे रमली आणि परत यायला नको म्हणाली तर? इथे तिच्यासाठी काय होतं? पुस्तकं आणि मी.

मग सैनिक कमी व्हायला लागले. दर सोमवारी चादर काढून सगळे खोक्यात ठेवायचं काम माझं होतं. फडताळात कुठलं पुस्तक जागेवर नाही, ते ओळखणं हा माझा रोजचा धंदा आहे. भालाईत एक नाही. पुढच्या आठवड्यात निशाणवाला नाही. मग एकामागून एक दोन घोडेस्वार. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी हत्ती नव्हता. हत्तीच्या झुलीवर माझ्या नवऱ्याने तीन आठवडे काम केलं होतं. त्याची किनार माझ्या लग्नातल्या शालूवरून घेतली होती. शालू समोर पसरून तो बसला होता तेव्हा मी चिडले होते.

पुढच्या शनिवारी दीर बुटाची नाडी सोडत असतानाच मी विचारलं, "भाऊजी, हत्ती कुठे आहे?"

त्याने मान वर केली नाही. "माझ्याकडं हाय, वहिनी. घरी."

"तिने दिला, की तुम्ही मागितला?"

हे मी बोलले. त्याने नाडीची गाठ सोडून बूट बाजूला ठेवला. "तिनंच दिला," तो म्हणाला. "दर खेपेला एक देती. तुम्हीच इचारा तिला. मला न्हाई सांगता येत."

मुलगी आत चित्र काढत होती. मी तिच्याजवळ खाली बसले. "हत्ती काकाला का दिलास?"

"काकाला नाही दिला. बाबाला दिला."

"बाबाला?" मी विचारलं.

"बाबाची फौज इथे आहे ना," ती खडू न थांबवता म्हणाली. "तिकडे तो काय खेळणार?"

"तिकडे म्हणजे कुठे?"

मी पट्टीने मोजलं त्या दिवशी तिने जसं पाहिलं होतं, तसंच आताही माझ्याकडे पाहिलं. "लातूरला. आजीच्या देवघरात. तूच म्हणालीस लातूरला गेला. मग काकू म्हणाल्या देवाघरी गेला. आजीचं देवघर लातूरलाच आहे की."

नऊ महिने. नऊ महिने मी तिच्या न रडण्याचं कौतुक ऐकत होते. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, किती समजूतदार आहे.

"मग बाबा परत का येत नाही, असं वाटलं नाही तुला?" मी विचारलं.

"डाव संपला की येतात लातूरवाले. पण मोठ्या माणसाला खूप डाव लागत असतील. म्हणून मी काकाशी भराभर खेळते. दर वेळी डबा उघडून बघते मी."

"माझ्याशी का नाही खेळत?"

ती थोडी अवघडली. मला वाईट वाटू नये म्हणून शब्द शोधत असावी. "तुझ्याशी खेळते की. पण तू कच्चं लिंबू आहेस, आई. कच्च्या लिंबाचा डाव मोजत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही तिघं लातूरच्या बसमध्ये बसलो. मुलगी खिडकीशी, मध्ये मी, कडेला दीर. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरला गाडी थांबली तेव्हा त्याने तिच्यासाठी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. "माझी हिम्मत झाली न्हाई वहिनी," तो हळूच म्हणाला. "पहिल्यांदा भालाईत दिला, म्हणाली बाबाच्या हातात दे. मी हाव म्हणलो. एकदा हाव म्हणलं, की मग दर खेपेला म्हणावंच लागतंय." मी तिला मे महिन्यातच आणलं असतं, तर त्याला एकदाही हाव म्हणावं लागलं नसतं.

घरी पोचल्यावर मुलीने चपला काढल्या आणि सरळ देवघरात गेली. छोटी, काळोखी खोली. विभूतीच्या डबीशेजारी, समईच्या पुढे, सगळे होते. भालाईत, निशाणवाला, घोडेस्वार, रांगेत. काकाने नेमके तिने सांगितले तसे ठेवलेले. हत्ती मधोमध होता, आणि सासूबाईंनी त्याच्या कपाळाला विभूतीची तीन बोटं ओढली होती. मुलीने दारामागे पाहिलं. पाट उचलून पाहिला. पडद्यामागे पाहिलं.

"काय हुडकून राहिलीस, माय?" सासूबाईंनी विचारलं.

"बाबा."

सासूबाई भिंतीला हात लावून खाली बसल्या. दीर अंगणात निघून गेला. मी मुलीचे दोन्ही हात धरले आणि आमच्या घरात त्या डब्यामुळे कधीच न वापरलेला शब्द वापरला. "बाबा मेला, बाळ."

"लातूरला गेला," तिने मला दुरुस्त केलं.

"नाही. त्या डब्यातलं लातूर खेळातलं आहे. बाबा मेला. मेलेलं माणूस परत येत नाही. कितीही डाव खेळले तरी."

"काकाशी खेळले तरी?"

"काकाशी खेळलीस तरी."

हे शेवटचं वाक्य म्हणताना, त्या घडीलासुद्धा, मला आतून कुठेतरी बरं वाटलं. हे मी लपवणार नाही. लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

तिने हात सोडवून घेतले. अंगणात जाऊन काकाच्या पोटावर दोन बुक्क्या मारल्या. "मग तू घेत का होतास?" तो म्हणाला, "भ्यालो होतो, माय." आणि मग ती रडायला लागली. रडत माझ्याकडे आली नाही, त्याच्याकडेही थांबली नाही. आजीच्या मांडीवर जाऊन पडली. सासूबाईंच्या डोळ्यांवर अजून काळा चष्मा होता. त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि मी दारात उभी राहून तो हात पाहत राहिले.

चार दिवसांनी निघताना तिने सैनिक रुमालात बांधून घेतले. हत्ती मात्र घेतला नाही. "त्याला विभूती लावलीय," ती म्हणाली. "आता तो आजीचा."

नांदेडला आल्यावर तिने टेबलाकडे पाहिलंही नाही. दिराने शनिवारी येऊ का विचारलं, तर "नको" म्हणाली. मी टेबलावर जेवायला वाढायला लागले. हेच तर मला हवं होतं. तीन शनिवार असे गेले. समोरासमोर बसून आम्ही दोघी वरण-भात खायचो आणि भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायचा. चौथ्या रविवारी सकाळी मी पिठाच्या डब्यात हात घातला, तळाशी चाचपडून दोन्ही फासे काढले आणि तसेच, पिठाने माखलेले, तिच्या पुढ्यात ठेवले.

तिने एक फुंकर मारली. "कुठे होते?"

"पिठात."

"कुणी टाकले?"

"मी."

"का?"

"तू काकाशी खेळू नये म्हणून."

मला वाटलं, आता उठून जाईल. "म्हणजे चीटिंग," ती म्हणाली.

"हो."

"बाबा पण करायचा. मी पाणी प्यायला गेले की घोडा पुढे सरकवायचा. माझ्या वितीने मोजलं की कळायचं." तिने दोन्ही फासे फ्रॉकला पुसले. मग बराच विचार करून म्हणाली, "कच्चं लिंबू चीटिंग करत नाही. त्याला गरजच नसते."

"मग?"

"मग तू पक्की. चादर आण."

डोंगरांसाठी पुस्तकं तिने निवडली. मी वाचत असलेलं पुस्तकही त्यात गेलं, आणि मी ते जाऊ दिलं. मला माझी फौज दिली, पूर्ण, तीन सैनिक नाहीत. मी त्या खुर्चीत बसले. घोडेस्वार हलवायची वेळ आली तेव्हा मी तिचा हात मागितला. तिने चादरीवर पंजा पसरला. वीत त्या पहिल्या रविवारच्या मानाने पेरभर तरी वाढली असावी. माझा घोडा तिच्या करंगळीपाशी जाऊन थांबला, आणि तिने त्यावर दोन्ही तोफा वळवल्या. दयामाया नाही. पहिल्याच फाशाला तो आडवा.

तिने तो उचलला, डब्यावर धरला आणि थांबली. "याला लातूरला पाठवू?"

"पाठव."

"हा येईल ना परत?"

"हा येईल. हा प्लास्टिकचा आहे."

तिने तो डब्यात टाकला. पत्र्यावर टण्ण आवाज झाला. त्यानंतर माझी माणसं एकामागून एक लातूरला जात राहिली. मी फासे लपवले नाहीत, ती पाणी प्यायला गेली तेव्हा घोडा सरकवला नाही, आणि खूप प्रयत्न करूनही तासाभरात माझ्याकडे एक निशाणवाला उरला. तोही गेला.

तिने लगेच माझा फोन घेतला. "काका, आई हरली. नाही, खरी खरी हरली. तुझ्यासारखी मुद्दाम नाही." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. ती खुदकन हसली, कित्येक आठवड्यांनी. "चिंचोके नाहीत, फासेच. आईने लपवले होते. हो, पिठात." पुन्हा हसणं. मग आवाज खाली करून, मी तिथेच उभी असताना, "तू शनिवारी ये. तुझ्याशी जास्त मजा येते."

मी चादरीकडे पाहत राहिले. रविवारचे साडेअकरा वाजले होते. शनिवार यायला अजून सहा दिवस होते. मी डबा उपडा केला आणि माझी फौज पुन्हा मांडायला घेतली.